वाचकांचे प्रश्न : अपील दाखल झाले म्हणून साक्ष पुसली जात नाही

प्रश्न : माझ्या मुलीला तिच्या नवऱ्याने नोव्हेंबर 2019 मध्ये ऊसतोडीच्या कोयत्याने मारले. डाव्या खांद्यावर, दंडावर आणि हाताच्या पंजावर वार होते. आजही तिची दोन बोटे मिटत नाहीत. त्याआधीची पाच वर्षे मारहाण चालूच होती. मार्च 2025 मध्ये सत्र न्यायालयाने जावयाला कलम 307 (खुनाचा प्रयत्न) खाली सात वर्षे, 326 (धोकादायक हत्याराने जबर दुखापत) खाली पाच वर्षे आणि 498-अ (पती वा सासरच्यांकडून छळ) खाली दोन वर्षे सक्तमजुरी दिली. सासू-सासऱ्यांना मात्र 498-अ मधून निर्दोष सोडले. दंडातून 50,000 रुपये मुलीला देण्याचा हुकूम आहे, तो पैसा अजून मिळालेला नाही. सात, पाच आणि दोन मिळून चौदा वर्षांचा घोर मिटला असे आम्ही समजत होतो. आता कळते की जावयाने मुंबईला अपील केले होते, ते कोल्हापूरला आले आहे आणि त्याच्यासोबत जामिनाचा अर्जही आहे. गावातले लोक म्हणतात, अपील झाले म्हणजे आधीचा निकाल गेला. मुलीला पुन्हा साक्ष द्यावी लागेल का? शिक्षा वाढवून मागता येईल का? आणि तो सुटून आला तर आम्ही काय करायचे?
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : गावातल्या लोकांचे म्हणणे आधी बाजूला ठेवा. अपील दाखल झाल्याने निकाल जात नाही. वरचे न्यायालय तो फिरवत नाही तोपर्यंत तुमचा जावई कायद्याच्या दृष्टीने दोषी ठरलेला आरोपीच आहे. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली की उच्च न्यायालयात अपील करणे हा आरोपीचा हक्क असतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि मुदत 60 दिवसांची असते. दंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली असती, तर अपील सत्र न्यायालयात 30 दिवसांच्या आत करावे लागले असते. तेव्हा त्याने अपील केले यात धक्का बसण्यासारखे काही नाही. सात वर्षांची शिक्षा झालेला जवळपास प्रत्येक माणूस ते करतो.

ते कोल्हापूरला आले हे तुमच्या सोयीचेच झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात बसू लागले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिथे चालू लागली. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठून, दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसून, पुढची तारीख घेऊन परत येणे तुमच्यापुरते तरी संपले आहे.

मुलीला पुन्हा पिंजऱ्यात उभे राहावे लागणार नाही. अपील म्हणजे पहिल्यापासून खटला नव्हे. ते कागदांवर चालते. सत्र न्यायालयातला मूळ अभिलेख वर मागवला जातो. तिची फिर्याद, सरतपास (सरकारी वकिलांनी घेतलेली साक्ष) आणि उलटतपास, डॉक्टरांचे जखमेचे प्रमाणपत्र, घटनास्थळाचा व कोयत्याच्या जप्तीचा पंचनामा, रासायनिक तपासणीचा अहवाल हे सारे एका जाड बाडात बांधले जाते. वकिलांच्या भाषेत त्याला ‘पेपर बुक’ म्हणतात. दोन्ही बाजूंचे वकील त्या बाडातल्या पानांवर बोट ठेवून बोलतात. जादा पुरावा घेण्याचा अधिकार अपील न्यायालयाला आहे, पण तो क्वचितच वापरला जातो. आरोपीच्या वकिलाला उलटतपासात विचारायचा राहून गेलेला प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी साक्षीदाराला पुन्हा बोलावले जात नाही.

आता चौदा वर्षांचा हिशेब. निकालपत्राच्या अगदी शेवटच्या पानावर, ‘आदेश’ या शब्दाखाली, सर्व शिक्षा एकत्र भोगावयाच्या आहेत असे एक वाक्य बहुधा सापडेल. ते असेल तर सात, पाच आणि दोन यांची बेरीज करायची नसते. तिन्ही शिक्षा एकाच वेळी चालतात आणि प्रत्यक्षात सर्वांत मोठी, म्हणजे सात वर्षांचीच उरते. खटला चालू असताना त्याने तुरुंगात काढलेले दिवसही त्यातून वजा होतात. हे वाक्य वाचून पुष्कळ कुटुंबांना आपण फसवले गेलो असे वाटते. एकाच घटनेतून निघालेल्या गुन्ह्यांबाबत न्यायालये बहुतेक वेळा असाच आदेश देतात, एवढेच त्याचे कारण. म्हणून निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल तुमच्याकडे नसेल, तर सत्र न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून ती आधी मिळवा. आरोपीला ती मोफत मिळते, फिर्यादीला मागावी लागते आणि माहेरची माणसे ती मागायला विसरतात.

तुम्ही ज्याला जामिनाचा अर्ज म्हणता, तो शिक्षा स्थगित करण्याचा अर्ज असतो. अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षेची अंमलबजावणी थांबवून आपल्याला जामिनावर सोडावे, ही त्यातली मागणी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 389 मध्ये होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 430 मध्ये आहे. (घटना 2019 ची असल्याने गुन्ह्याची कलमे मात्र जुन्या दंड संहितेचीच राहतात. त्यामुळे एकाच कागदावर जुनी-नवी कलमे दिसली तर ती चूक समजू नका.)

इथे तुम्हाला खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. जन्मठेपेची शिक्षा झालेल्याला सुटणे अवघड जाते. ठरावीक वर्षांची शिक्षा असेल आणि अपील लवकर सुनावणीला येण्यासारखे नसेल, तर खास कारण नसताना शिक्षा स्थगित करण्याकडे उदारपणे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये भगवान रामा शिंदे गोसाई यांच्या प्रकरणात म्हटले आहे आणि वकील ते आजही रोज दाखवतात. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. अपील पाच-सहा वर्षे पडून राहिले आणि शेवटी माणूस निर्दोष ठरला, तर भोगून झालेली शिक्षा त्याला कोणी परत देऊ शकत नाही. तेव्हा तो सुटेल ही शक्यता धरूनच तयारी करा, आणि तो सुटला तर आपण खोटे ठरलो असे मुलीला वाटू देऊ नका. शिक्षा थांबते, दोष तसाच राहतो.

पण ‘खास कारण’ कोणते, हे न्यायालयाला सांगायला तिथे कोणीतरी असावे लागते. कलम 307 मध्ये दुखापत झालेली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. अशा गुन्ह्यात आरोपीला सोडण्यापूर्वी सरकारी वकिलांना लेखी विरोध मांडण्याची संधी देणे न्यायालयाला बंधनकारक आहे. सरकारी वकिलांसमोर त्या दिवशी चाळीस-पन्नास प्रकरणे असतात. निकालानंतर जावयाच्या भावाने तुमच्या दारात येऊन काय धमकी दिली, तुमचे घर आणि त्याचे घर यांच्यामध्ये किती अंतर आहे, मुलगी कामाला जाते तो रस्ता कोणाच्या रानातून जातो, हे त्यांच्या कागदात नसते. ते त्यांच्या हातात लेखी पोहोचवणे तुमचे काम. जगजीत सिंह विरुद्ध आशिष मिश्रा या 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, पीडित व्यक्तीला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. मुलीने स्वतःचा वकील देऊन त्या अर्जात हजर व्हावे. वकीलपत्रावर सही तिचीच लागेल. ती हयात व सज्ञान असताना आई-वडिलांच्या सहीने चालत नाही. पैशाची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि 15100 या क्रमांकावरही विचारणा करता येते.

अर्जाला विरोध करताना केवळ ‘सोडू नका’ म्हणण्यापेक्षा ‘सोडायचेच असेल तर या अटींवर सोडा’ हेही मागून ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तालुक्यात पाऊल ठेवू नये, मुलीशी वा तिच्या माहेरच्यांशी प्रत्यक्ष, फोनवर किंवा कोणामार्फतही संपर्क करू नये, महिन्यातून ठरल्या दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी, या अटी न्यायालये मागितल्यास घालतात. न मागितल्यास ‘अपिलाच्या तारखांना हजर राहावे’ एवढ्यावर काम भागते. अट मोडली तर जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो. त्यासाठी प्रत्येक घटनेची तारीख, वेळ आणि पोलिसांत दिलेल्या अर्जाची पोच जपून ठेवा. आलेले कॉल आणि संदेश पुसू नका.

मूळ अपिलात काय होईल, हे निकालपत्र वाचल्याशिवाय कोणी सांगू नये आणि मीही सांगणार नाही. मात्र अशा अपिलांत वाद कुठे होतो ते सांगता येते. पहिला हल्ला साक्षीतल्या तफावतींवर असतो. फिर्यादीत ‘खांद्यावर’ आहे आणि साक्षीत ‘मानेजवळ’ आहे, जबाबात ‘रात्री नऊ’ आहे आणि उलटतपासात ‘जेवणे झाल्यावर’ आहे, असे. मी पाहिलेल्या एका सुनावणीत बाई त्या वेळी तांदूळ निवडत होती की भाजी चिरत होती, यावर वकील बराच वेळ बोलत राहिले. न्यायमूर्तींनी शांतपणे जखमेच्या प्रमाणपत्राचे पान काढायला सांगितले आणि तो मुद्दा तिथेच संपला. किरकोळ विसंगतीवरून साक्ष टाकून देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 1983 च्या भरवाडा भोगिनभाई प्रकरणातच सांगून ठेवले आहे. जखमी साक्षीदाराचे वजन तर विशेष असते. ज्याच्या अंगावर वार आहेत तो खऱ्या हल्लेखोराला सोडून भलत्याचे नाव घेणार नाही, ही त्यामागची साधी समज. शेजारी फितूर झाले, दुसरा कोणी प्रत्यक्षदर्शी नाही, अशी तक्रार बायका नेहमी करतात. पण अमुक इतके साक्षीदार हवेतच असे कायदा कुठेही म्हणत नाही, आणि घराच्या आत झालेल्या मारहाणीला गावचा पंच साक्षी कुठून असणार?

दुसरा हल्ला कलम 307 वर होईल आणि तोच खरा महत्त्वाचा आहे. जखमा जीवघेण्या नव्हत्या, तेव्हा हा खुनाचा प्रयत्न नाही, फार तर दुखापत आहे, असे म्हटले जाईल. त्यावर उत्तर महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आहे. महाराष्ट्र शासन विरुद्ध बळराम बामा पाटील, 1983. जखम प्राणघातक असलीच पाहिजे असे 307 ला लागत नाही. कृती कोणत्या इराद्याने किंवा जाणिवेने केली ते पाहायचे असते, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. इरादा ओळखायचा तो हत्यारावरून, वार शरीराच्या कुठल्या भागावर धरला त्यावरून, वारांच्या संख्येवरून आणि त्या क्षणी तो काय बोलला त्यावरून. पंजावरचा वार पुष्कळदा डोक्यावर येणारा कोयता अडवताना बसलेला असतो. मुलीच्या साक्षीत तसे आले असेल, तर ते वाक्य निकालाचा कणा आहे. तुमच्या वकिलांना ते पान दाखवा.

आणि समजा, 307 टिकले नाही, तरी सारे संपत नाही. अपील न्यायालय दोष एका कलमातून दुसऱ्यात बदलू शकते, शिक्षा कमी करू शकते, पूर्ण निर्दोषही सोडू शकते. पण मुलीची दोन बोटे मिटत नाहीत ही गोष्ट कागदावर असेल, तर एखाद्या अवयवाची शक्ती कायमची कमी होणे ही कायद्याने ‘जबर दुखापत’ आहे, कोयता हे धोकादायक हत्यार आहे, आणि 326 ची पाच वर्षे त्या दोन बोटांवर स्वतंत्रपणे उभी आहेत. शेवटी ‘भोगली तेवढी शिक्षा पुरेशी धरावी’ ही विनवणी होईलच. तिला उत्तर म्हणून मुलीच्या हाताचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आजच काढून ठेवा.

शिक्षा वाढवून मागण्याबाबत उत्तर तुम्हाला आवडणार नाही. पीडितेला तीन गोष्टींविरुद्ध अपील करता येते : आरोपी निर्दोष सुटणे, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरणे आणि अपुरी नुकसानभरपाई. शिक्षा कमी झाली, या कारणासाठी अपील फक्त सरकार करू शकते. परविंदर कन्सल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हे स्पष्ट केले आहे. सरकारने ते करावे असा अर्ज तुम्ही देऊ शकता. एवढे मात्र खरे की जावयाने केलेल्या अपिलात त्याची शिक्षा घटेल किंवा राहील, वाढणार नाही. सासू-सासऱ्यांच्या सुटकेविरुद्ध मात्र मुलगी स्वतः उच्च न्यायालयात जाऊ शकते, आणि मल्लिकार्जुन कोडागली या 2018 च्या निकालानंतर तिला त्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागत नाही. उशीर बराच झाला आहे. विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल. पण जाण्यापूर्वी निकालपत्रातली त्यांच्यापुरती पाने थंड डोक्याने वाचा. ‘तेही घरात होते’ एवढाच पुरावा असेल, तर त्या अपिलात शक्ती घालवू नये असे मी म्हणेन.

दंडातले 50,000 रुपये अपिलाचा निकाल लागेपर्यंत मिळणार नाहीत, कारण दंडच अपिलाच्या अधीन आहे. मात्र सरकारच्या पीडित भरपाई योजनेतून मिळणारी रक्कम वेगळी असते. तिचा अर्ज त्याच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा.

राहिला सुटून येण्याचा प्रश्न. फौजदारी अपिलाची वाट न पाहता कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, 2005 खाली दंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण आदेश मागता येतो. पूर्वी एकत्र राहत होते एवढे त्याला पुरते. तो आदेश मोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड आहे. साक्षीदार संरक्षण योजना, 2018 खाली जिल्हास्तरावर अर्ज करण्याचीही सोय आहे. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात राहत नाही. अर्ज फेटाळला जाऊन तो तुरुंगात राहिला, तरी पुढे संचित रजेवर (फर्लो) किंवा अभिवचन रजेवर (पॅरोल) काही दिवस घरी येऊ शकतो. रजेआधी पोलिसांचा अहवाल मागवला जातो. तुमच्या ठाण्यात आणि तुरुंग अधीक्षकांकडे आपल्या हरकतीचा लेखी अर्ज आधीच देऊन ठेवा. अपिलाचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, वकिलांकडून घ्या. तो सोळा अक्षर-अंकांचा असतो आणि ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर टाकला की पुढची तारीख दिसते. जावयाच्या अर्जाची तारीख तुम्हाला गावातून कळण्याऐवजी घरातून कळावी.

प्रश्न : माझा भाऊ राज्य शासनाच्या एका कार्यालयात लिपिक आहे. वहिनीच्या तक्रारीवरून दंडाधिकाऱ्यांनी त्याला 498-अ आणि 323 (साधी मारहाण) खाली एक वर्षाची शिक्षा दिली. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला. आम्ही सत्र न्यायालयात अपीलही केले. तरीही कार्यालयातून कारवाईची नोटीस आली आहे. शिक्षेला स्थगिती असताना हे कसे? भांडण घरगुती होते, हात एकदाच उगारला होता.
— एक वाचक, अमरावती

उत्तर : शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर शिक्षा देणारे न्यायालयच अपिलापुरता जामीन देते. तुमच्या भावाच्या बाबतीत तेच झाले आणि त्यात त्याच्या निर्दोषत्वाबद्दल काही म्हटलेले नाही. स्थगिती आहे ती तुरुंगात जाण्याला. दोषसिद्धी कायम आहे, आणि नोकरीवरची कारवाई दोषसिद्धीवरून होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 311 मध्येच अशी तरतूद आहे की, फौजदारी आरोपावर दोषी ठरलेल्या कर्मचाऱ्याविरुद्ध नेहमीच्या पूर्ण खातेनिहाय चौकशीशिवायही कारवाई करता येते. मात्र कोणती शिक्षा द्यायची, याचा विचार कार्यालयाने प्रकरण पाहून करायचा असतो. नोटिशीला उत्तर मुदतीत आणि वकिलाकडून तपासून द्या.

दोषसिद्धीलाच स्थगिती मागण्याचा मार्ग आहे. रमा नारंग या 1995 च्या निकालाने तो मान्य केला आणि नवज्योतसिंग सिद्धू यांच्या 2007 च्या निकालाने त्याची अट सांगितली. दोषसिद्धी तशीच राहिली तर नेमके कोणते न भरून येणारे नुकसान होईल, हे अर्जदाराने न्यायालयापुढे स्पष्ट मांडले पाहिजे, आणि अशी स्थगिती अपवाद म्हणूनच दिली जाते. केवळ नोकरी जाईल एवढ्यावर ती मिळेल असे धरून चालू नका. अपिलात निर्दोष सुटला तर सेवेत परत घेण्याचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य अपिलाच्या मुद्द्यांत घालू नका, अशी मात्र माझी सूचना आहे. ‘घरगुती भांडण’ हा कायद्यात बचाव नाही, आणि ‘एकदाच उगारला’ या शब्दांत हात उगारल्याची कबुली आहे.

प्रश्न : माझ्या नवऱ्याला 498-अ व 324 (धोकादायक हत्याराने दुखापत) खाली दंडाधिकाऱ्यांनी दीड वर्षाची शिक्षा दिली, अपील सत्र न्यायालयात आहे. मध्यंतरी मोठ्यांनी बसून समेट केला. वर्षभर आम्ही मुलांसह एकत्र राहतो. त्यांचे वकील म्हणतात, ‘साक्ष रागाच्या भरात खोटी दिली होती’ असे प्रतिज्ञापत्र मी द्यावे, म्हणजे केस मागे घेता येईल.
— एक भगिनी, लातूर

उत्तर : त्या प्रतिज्ञापत्रावर सही करू नका. शपथेवर दिलेली साक्ष खोटी होती असे तुम्ही शपथेवर सांगितलेत, तर खोटी साक्ष दिल्याबद्दल कारवाईला तुम्हीच तोंड द्याल. तुमच्या नवऱ्याच्या वकिलांचे काम तुमच्या नवऱ्याचा बचाव करणे आहे. तुमचा सल्ला तुमच्या वकिलाकडून घ्या. तोही मोफत मिळतो.

मुळात केस तुमची राहिलेली नाही, त्यात फिर्यादी पक्ष सरकार आहे, म्हणून ‘मागे घेणे’ तुमच्या हातात नाही. काही गुन्हे कायद्याने तडजोडीचे ठरवले आहेत. 323 ची साधी मारहाण त्यात येते, पण 498-अ महाराष्ट्रात त्यात येत नाही आणि 324 ही आता येत नाही. आंध्र प्रदेशाने आपल्यापुरती दुरुस्ती करून 498-अ न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीचे केले आहे. तसे देशभर करण्याचा विचार व्हावा, असे मुंबई उच्च न्यायालयानेही 2022 मध्ये केंद्राला सुचवले होते. या प्रश्नावर माझे मन पूर्ण एका बाजूला झुकत नाही. रोज दिसणारे खरे समेट कायद्यात अडकून पडतात हे खरे. आणि ‘समेट’ या शब्दाखाली माहेरी परत जाण्याची वाट बंद झालेली बाई सही करते, हेही तितकेच खरे.

तुमचा समेट मनापासूनचा असेल तर सत्य न बदलता तो मांडता येतो. ‘माझी साक्ष खरी होती, त्यानंतर आमच्यात समेट झाला असून अमुक तारखेपासून आम्ही एकत्र राहत आहोत, पतीला तुरुंगात पाठवावे अशी माझी इच्छा नाही’ एवढेच लिहावे. सत्र न्यायालय दोष कायम ठेवूनही शिक्षा ठरवताना याचा विचार करू शकते. प्रकरणच रद्द करायचे असेल तर दोघांना उच्च न्यायालयात जावे लागेल. फारसा गंभीर नसलेला, खाजगी स्वरूपाचा गुन्हा असेल, तर दोषसिद्धीनंतरही उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात तो रद्द करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने रामगोपाल विरुद्ध मध्य प्रदेश शासन या 2021 च्या निकालात म्हटले आहे. तिथे न्यायमूर्ती बहुधा तुम्हाला स्वतः विचारतील, काही वेळा नवऱ्याला बाहेर थांबवून विचारतील. त्या वेळी जे खरे असेल तेच सांगा, समेट मोडला असेल तर तेही.

प्रश्न : माझ्या बहिणीला जबर मारहाण केल्याबद्दल तिच्या नवऱ्याला तीन वर्षे कैद व दंड झाला होता. त्याचे अपील प्रलंबित असताना तो वारला. आता त्याचा भाऊ म्हणतो, नाव साफ करण्यासाठी आम्ही अपील चालवू. असे करता येते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : येते. कैदेच्या शिक्षेविरुद्ध अपील करणारा वारला की अपील आपोआप संपते. पण आई-वडील, पती किंवा पत्नी, मुले-नातवंडे, भाऊ-बहीण यांपैकी कोणीही मृत्यूपासून 30 दिवसांच्या आत अर्ज केला, तर न्यायालय ते पुढे चालवण्याची परवानगी देऊ शकते. दंडाबाबतचे अपील तर मृत्यूनेही संपत नाही, कारण दंड मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल होऊ शकतो. तुमच्या बहिणीला नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका. दंडातून तिला काही रक्कम मंजूर झाली असेल, तर ती याच निकालावर अवलंबून आहे. गंमत अशी की, पत्नी म्हणून अर्ज करण्याचा हक्क कायद्याने तिलाही आहे.